काँक्रीटमधील पूरक द्रव्ये व क्युरिंग : सामर्थ्य आणि टिकाऊपणा यांच्या फारकतीचा इतिहास (विशेष संदर्भ : पश्चिम भारत)

प्रस्तावना

काँक्रीट हे विसाव्या शतकातील सर्वाधिक वापरले गेलेले बांधकाम-साहित्य होय. त्याचा इतिहास बहुधा मोठ्या वास्तूंच्या अंगाने लिहिला जातो. धरणाची उंची, पुलाची लांबी, उद्घाटनाचे वर्ष आणि अभियंत्याचे नाव यांची नोंद होते. त्या वास्तूचे आयुष्य मात्र ज्या दोन गोष्टींवर अवलंबून असते, त्या म्हणजे मिश्रणात घातलेली पूरक द्रव्ये आणि ओतकामानंतर काँक्रीटला मिळालेला ओलावा. या ओलावा राखण्याच्या क्रियेस अभियंत्यांच्या भाषेत ‘क्युरिंग’ आणि गवंड्यांच्या भाषेत ‘पाणी मारणे’ म्हणतात. इतिहासलेखनात तिला स्थान नाही. बांधकामाच्या जागीही ते काम सर्वांत कमी मजुरीच्या माणसाकडे, पुष्कळदा राखणदाराच्या कुटुंबाकडे, सोपवलेले असते.

काँक्रीटचे सामर्थ्य आणि त्याचा टिकाऊपणा हे दोन गुण एकच आहेत, असे गृहीत धरून विसाव्या शतकातील बांधकामाचे बहुतेक नियम तयार झाले. सामर्थ्य मोजणे सोपे होते, टिकाऊपणा मोजणे अवघड होते. म्हणून जे मोजता आले त्याचीच काळजी घेतली गेली. पश्चिम भारतात या गृहीतकाची किंमत १९८० च्या दशकात चुकवावी लागली. तेथपर्यंतचा प्रवास आणि त्यानंतर झालेली अर्धवट दुरुस्ती हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चुना, सुरखी आणि वेळ

केवळ चुन्याचा दर्जा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. पाण्याखाली तो घट्ट होत नाही. त्यात ज्वालामुखीची राख किंवा भाजलेल्या मातीचा चुरा मिसळला, तर सिलिका आणि चुना यांचा पाण्याच्या सान्निध्यात संयोग होऊन पाण्यात न विरघळणारे बंधक तयार होते. रोमन बांधकामकारांनी नेपल्सच्या परिसरातील राख याच कामासाठी वापरली, आणि पोत्झुओली या गावाच्या नावावरून अशा द्रव्यांना ‘पोझोलाना’ हे नाव मिळाले. रोममधील पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा, लोखंडी सळई नसलेला घुमट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून उभा आहे.

भारतात ज्वालामुखीच्या राखेची जागा विटांच्या चुऱ्याने, म्हणजे सुरखीने, घेतली. बैलाने फिरवलेल्या घाणीत चुना, वाळू आणि सुरखी दीर्घकाळ मळली जाई. त्यात प्रदेशपरत्वे गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी असे पदार्थ घालत. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना भाजण्याची परंपरा होती. या सेंद्रिय पदार्थांविषयी आज पुष्कळ भाबडे लेखन होते. त्यांपैकी काहींमुळे दर्ज्याची लवचीकता व पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढत असली, तरी बळकटीचे मुख्य श्रेय सुरखीला आणि तिला मिळालेल्या वेळेला द्यावे लागते. चुना-सुरखीचे बंधक आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी पक्व होते. त्या काळातील बांधकामाची गतीच मंद असल्याने हा वेळ त्याला आपोआप मिळत असे.

एकोणिसाव्या शतकातील पाटबंधारे अभियंत्यांनी हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवली. पुण्याजवळील खडकवासल्याचे दगडी धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. चुन्याच्या दर्ज्यातील दगडी धरणांची ही परंपरा विसाव्या शतकातही चालू राहिली. या पद्धतीला मर्यादा होत्या. चुना-सुरखीतून पाण्याबरोबर चुना झिरपून जातो. १८९५ साली पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणात याच कारणासाठी पुढे सिमेंटचा पातळ गारा दाबाने भरावा लागला. तेव्हा जुने ते सर्व टिकाऊ, असा निष्कर्ष काढण्यास आधार नाही.

सिमेंटचे आगमन आणि पाण्याचा नियम

एडिस्टनच्या दीपगृहासाठी जॉन स्मीटन यांनी १७५० च्या दशकात चुन्यांचे प्रयोग केले आणि मातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुना पाण्याखाली घट्ट होतो, असे दाखवले. १८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी लीड्स येथे ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. भारतात पोरबंदर येथील कारखान्याचे उत्पादन १९१४ मध्ये सुरू झाले. १९२७ मध्ये मुंबईतून काँक्रीटला वाहिलेले ‘इंडियन काँक्रीट जर्नल’ निघू लागले आणि १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्हवर सळईच्या काँक्रीटच्या इमारतींची ओळ उभी राहिली. महिन्यांची प्रतीक्षा दिवसांवर आली होती.

सिमेंटने वेळ वाचवला, तशीच पाण्याविषयीची एक नवी समस्याही आणली. सिमेंटच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा पाणी रासायनिक संयोगात बांधले जाते. परंतु मिश्रण साच्यात नीट पसरावे म्हणून व्यवहारात त्याहून पुष्कळ अधिक पाणी घातले जाते. हे जास्तीचे पाणी पुढे निघून जाते आणि मागे केशवाहिन्यांचे जाळे उरते. शिकागो येथील डफ अ‍ॅब्रम्स यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पाणी-सिमेंट गुणोत्तराचा नियम मांडला : वापरलेले साहित्य तेच असता, काँक्रीटचे सामर्थ्य मुख्यत्वे या एका गुणोत्तरावर ठरते. पाणी कमी, तर सामर्थ्य अधिक.

या नियमाचा दुसरा अर्धा भाग तितका प्रसिद्ध झाला नाही. टी. सी. पॉवर्स यांनी १९४० च्या दशकात दाखवले की, काँक्रीटच्या छिद्रांतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांच्या खाली गेली की सिमेंटची जलसंयोग-क्रिया जवळजवळ थांबते. सिमेंट शिल्लक असते, परंतु ते निष्क्रिय राहते. १९५९ मध्ये पॉवर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडला. अखंड ओलाव्यात ठेवल्यास केशवाहिन्यांचे जाळे तुटून छिद्रे एकमेकांपासून अलग होण्यास किती काळ लागतो, हा तो प्रश्न होता. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० असल्यास सुमारे ३ दिवस, ०.४५ असल्यास ७ दिवस, ०.५० असल्यास १४ दिवस, ०.६० असल्यास सहा महिने आणि ०.७० असल्यास एक वर्ष. त्याहून अधिक पाणी असल्यास ती कधीच अलग होत नाहीत.

या आकड्यांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहिले पाहिजे. गावोगावच्या बांधकामात, जेथे पाट्यांनी वाळू-खडी आणि अंदाजाने पाणी घालून मिश्रण होते, तेथे ०.६० हे गुणोत्तर मुळीच असामान्य नाही. तेथे सात दिवस पाणी मारून मिळते ते सामर्थ्य, अभेद्यता नव्हे. पाण्याचे दोन हिशेब आहेत आणि ते परस्परविरुद्ध दिशेने चालतात : मिश्रणात पाणी कमीत कमी हवे, ओतल्यानंतर ते जास्तीत जास्त काळ हवे. प्रत्यक्षात याच्या नेमके उलट घडत आले. मिश्रण सैल असले की ते भरण्याचे श्रम वाचतात, म्हणून आधी पाणी सढळ हाताने घातले गेले. नंतर ते टँकरने आणावे लागते, म्हणून त्यात काटकसर झाली.

येथे गुळाचा पुन्हा उल्लेख करणे अप्रस्तुत ठरू नये. चुन्याला मानवणारा हा पदार्थ सिमेंटला मानवत नाही. साखरेचे अत्यल्प प्रमाणही सिमेंटचे घट्ट होणे लांबवते. प्रमाण वाढल्यास काँक्रीट आवळतच नाही. म्हणूनच काँक्रीटवर अंथरायचे गोणपाट साखरेचे किंवा खताचे नसावे, असे तंत्रग्रंथांत बजावलेले असते.

ठोकळा आणि स्लॅब

सामर्थ्य मोजण्याची भारतीय पद्धत १९५९ च्या मानकाने (आयएस ५१६) निश्चित केली. १५ सेंटीमीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा भरायचा, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून सुमारे २७ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि २८ व्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचा. ही कसोटी उपयुक्त होती आणि आहे. मिश्रण ठरल्याप्रमाणे झाले की नाही, हे तिच्यावरून कळते. मात्र ठोकळा चार आठवडे पाण्यात बुडालेला असतो. तेच काँक्रीट ज्या स्लॅबमध्ये वा स्तंभात गेले, त्याला मे महिन्याच्या उन्हात दिवसातून दोनदा नळीचे पाणी मिळालेले असते. उभ्या स्तंभावर तर पाणी थांबतही नाही. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत ठोकळा उत्तीर्ण होतो, आणि ती नोंद वास्तूचे प्रमाणपत्र मानली जाते.

क्युरिंगच्या अभावाचा परिणाम काँक्रीटच्या सर्व जाडीवर सारखा होत नाही. आतील भाग आपले पाणी बराच काळ धरून ठेवतो. वाळतो तो बाहेरचा काही सेंटीमीटरांचा थर. भार पेलण्याच्या दृष्टीने या थराचा वाटा थोडा असल्याने सामर्थ्याचे नुकसान मर्यादित राहते. परंतु सळईचे रक्षण करणारे आवरण म्हणजे नेमका हाच थर होय. काँक्रीटमधील तीव्र अल्कधर्मी परिस्थितीमुळे सळईवर एक संरक्षक पापुद्रा असतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरून ती अल्कता घटवतो आणि समुद्राकडून येणारे क्लोराइड तो पापुद्रा थेट भेदतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आवरणाचे पोपडे सुटतात. सामर्थ्य आणि टिकाऊपणा यांची फारकत होते ती या थरात.

या फारकतीस बाजारानेही हातभार लावला. नियंत्रणाच्या काळात सिमेंट परवान्यावर मिळे आणि त्याची तीव्र टंचाई असे. १९८२ मध्ये अंशतः व १९८९ मध्ये पूर्णतः नियंत्रण उठले. याच सुमारास, १९८७ मध्ये, ‘५३ ग्रेड’ सिमेंटचे मानक आले. पूर्वीच्या ३३ ग्रेडच्या तुलनेत ते अधिक बारीक दळलेले व लवकर सामर्थ्य देणारे होते. सेंट्रिंग लवकर निघू लागले, मजले भराभर चढू लागले. जुने सिमेंट २८ दिवसांनंतरही वर्षानुवर्षे सामर्थ्य मिळवत राही. नव्याचा बहुतेक विकास पहिल्या महिन्यातच संपू लागला. शिवाय अपेक्षित सामर्थ्य कमी सिमेंट आणि अधिक पाणी वापरूनही गाठता येऊ लागले. ठोकळ्याच्या कसोटीला यात काहीच वावगे दिसले नाही.

खाडीवरचे पूल

मुंबई बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा ठाणे खाडीवरील पहिला पूल १९७३ मध्ये खुला झाला. पूर्वताणित काँक्रीटच्या या पुलातील पोलादी तारांना गंज लागल्याचे अल्पावधीतच लक्षात आले. दुरुस्त्या झाल्या, आणि १९९७ मध्ये शेजारी नवा पूल वाहतुकीस घ्यावा लागला. गोव्यातील घटना अधिक गंभीर होती. पणजी येथे मांडवीवरील पूल १९७० मध्ये सुरू झाला होता. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. त्यात जीवितहानी झाली आणि राजधानीकडे येणारी वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर गेली. नवा पूल १९९२ मध्ये आला. कोसळण्याचे मुख्य कारण पूर्वताण देणाऱ्या तारांचा गंज हे होते. पूल अवघ्या १६ वर्षांचा होता. १९८३ मध्ये खुल्या झालेल्या जुवारीवरील पुलावरही पुढे अवजड वाहनांवर निर्बंध घालावे लागले.

या पुलांचे खापर एकट्या क्युरिंगवर फोडणे योग्य ठरणार नाही. पूर्वताणित कामात तारा ज्या नळ्यांतून जातात, त्या नळ्या सिमेंटच्या गाऱ्याने पूर्ण भराव्या लागतात. गाऱ्यात पाणी अधिक झाले तर ते वर येऊन सुटे होते आणि मागे पोकळी राहते. त्या पोकळीत तार उघडी पडते. आवरणाची जाडी, नळ्यांचा दर्जा, सांध्यांमधून झिरपणारे पाणी, खाऱ्या हवेत उघड्या राहिलेल्या तारा ही सर्व कारणे अशा कामांत संभवतात. तथापि या सर्वांत एक धागा समान आहे. हे काँक्रीट भाराला कमी पडले नव्हते, ते क्लोराइडला रोखण्यास कमी पडले. किनाऱ्यावरील वास्तूची कसोटी डोंगरावरील वास्तूसारखीच घेतली गेली होती.

क्लोराइडचा प्रश्न पूरक द्रव्यांच्या इतिहासातही येतो. काँक्रीट लवकर आवळावे म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून माहीत होती आणि थंड देशांत ती सर्रास रूढ झाली. जे द्रव्य पहिल्या दिवशी सामर्थ्य देत होते, तेच विसाव्या वर्षी सळई खात होते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सळईच्या काँक्रीटमधील त्याच्या वापरावर प्रतिबंध आला. गतीसाठी टिकाऊपणा गहाण टाकण्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

राखेचे पुनरागमन

सुरखीचे तत्त्व मात्र नाहीसे झाले नव्हते. ते धरणांत टिकून राहिले होते. प्रचंड आकारमानाच्या काँक्रीटमध्ये जलसंयोगाची उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि थंड होताना तडे जातात. १९३३ ते १९३५ दरम्यान ओतल्या गेलेल्या अमेरिकेतील हूवर धरणात नळ्या पुरून त्यांतून थंड पाणी फिरवावे लागले. सिमेंटचा काही भाग पोझोलानाने बदलणे हा दुसरा मार्ग होता. माँटाना राज्यातील हंग्री हॉर्स धरणात (१९५३) औष्णिक वीज केंद्रांतील उडती राख एक लाख टनांहून अधिक वापरली गेली. भारतात भाक्रा धरणात भाजलेल्या शेलचा पोझोलाना आणि रिहंद धरणात उडती राख वापरण्यात आली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सह्याद्रीतील घाटघर येथे रूळाने दाबलेल्या काँक्रीटची धरणे झाली. त्यांच्या बंधकात सिमेंटपेक्षा राख अधिक होती.

उडती राख, झोतभट्टीची मळी आणि सिलिकेची अतिसूक्ष्म पूड ही द्रव्ये सिमेंटच्या जलसंयोगातून सुटलेल्या चुन्याशी संयोग पावून छिद्रे भरतात. त्यामुळे क्लोराइडचा शिरकाव लक्षणीय रीतीने मंदावतो. १९६० च्या दशकात जपान व जर्मनीत विकसित झालेल्या अतिप्रवाही द्रव्यांमुळे मिश्रण कमी पाण्यातही साच्यात नीट पसरू लागले. राख वा मळी आणि ही द्रव्ये यांच्या जोडीने खाऱ्या पाण्यातील दीर्घायुषी काँक्रीट शक्य केले. १९९९ मध्ये केंद्र शासनाने वीज केंद्रांच्या परिसरात राखेचा वापर बंधनकारक करणारी अधिसूचना काढली, आणि राखमिश्रित सिमेंट सामान्य घरबांधणीतही पोहोचले.

येथेच मूळ अडचण नव्या रूपाने पुढे येते. राखेची क्रिया संथ आहे. तिचा मोठा भाग २८ दिवसांनंतर घडतो आणि त्यासाठी ओलावा टिकून राहावा लागतो. चांगले क्युरिंग झालेले राखेचे काँक्रीट साध्या काँक्रीटपेक्षा अधिक टिकाऊ असते. क्युरिंग न झालेले मात्र साध्यापेक्षाही दुबळे राहू शकते, कारण त्याच्या वाळलेल्या बाह्य थरात सिमेंटही कमी आणि क्रिया न झालेली राखही तशीच. द्रव्य धरणाकडून घराकडे आले. धरणाचा संयम त्याच्याबरोबर आला नाही.

क्युरिंगचा वेळ वाचवण्याचे प्रयत्नही झाले. पृष्ठभागावर पातळ पटल देणारी द्रावणे फवारून आतील पाणी कोंडता येते. उभ्या स्तंभांसाठी आणि पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या भागांत त्यांचा उपयोग मोठा आहे. कारखान्यात बनणाऱ्या रेल्वेच्या काँक्रीट स्लीपरांना वाफ देऊन एका दिवसात साच्यातून मोकळे करता येते. परंतु वाफेचे तापमान सुमारे ७० अंशांच्या पुढे गेल्यास काही वर्षांनी काँक्रीट आतून फुगून तडकते, हे १९८० च्या दशकात युरोपातील स्लीपरांवरून कळून आले.

भारतीय मानकाने या अनुभवांची दखल घेतली. १९७८ च्या आयएस ४५६ मध्ये सरसकट किमान सात दिवसांचे क्युरिंग सांगितले होते. २००० च्या आवृत्तीत टिकाऊपणाचा विचार सविस्तर आला. परिसराच्या तीव्रतेनुसार पाच वर्ग करून प्रत्येकासाठी पाणी-सिमेंट गुणोत्तराची कमाल मर्यादा ठरली, समुद्राच्या पाण्याने काँक्रीट कालवणे वा क्युरिंग करणे टाळावे असे सांगितले गेले, आणि साध्या सिमेंटसाठी सात, तर राख वा मळी असलेल्या सिमेंटसाठी किमान दहा दिवसांचे क्युरिंग आवश्यक ठरले. दुसऱ्या प्रकारात ही मुदत चौदा दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारसही आहे. पॉवर्स यांच्या हिशेबाकडे पाहता या मुदती कमी गुणोत्तराच्या काँक्रीटलाच पुरेशा आहेत. पण मानकाने गुणोत्तरावरही मर्यादा घातली असल्याने त्यात विसंगती नाही. विसंगती आहे ती मोबदल्यात. सार्वजनिक बांधकामाच्या दरसूचीत काँक्रीटच्या बाबीचे वर्णन साहित्य, सेंट्रिंग, ओतकाम, दाबकाम यांपासून सुरू होते आणि ‘क्युरिंगसह’ या अर्थाच्या शब्दाने संपते. सिमेंट गोणीने, पोलाद टनाने आणि काँक्रीट घनमीटरने मोजले जाते. क्युरिंगला स्वतंत्र माप नाही आणि स्वतंत्र दरही नाही. पाणी चार दिवस दिले काय किंवा चौदा दिवस दिले काय, देयकातील आकड्यात त्याने फरक पडत नाही.